थोडका पण नित्य व्यायाम : रोजच्या पंधरा मिनिटांचे मोल

लखनौच्या रमाबाई आंबेडकर मैदानावर २१ जून २०१७ रोजी सकाळी पावसाने जोर धरला होता. तिसऱ्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या मुख्य कार्यक्रमासाठी हजारो नागरिक तेथे जमले होते. आसनांसाठी आणलेल्या चटयाच अनेकांनी छत्रीप्रमाणे डोक्यावर धरल्या. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीतील हा कार्यक्रम भर पावसातही पार पडला आणि त्याची दृश्ये देशभर पोहोचली. मात्र आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न २१ जूनचा नसून २२ जूनचा असतो. वर्षातून एकदा मैदानावर येणारा नागरिक दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, यावर त्याच्या हृदयाचे, रक्तवाहिन्यांचे आणि स्नायूंचे आरोग्य अवलंबून असते.

त्या वेळी उत्तर प्रदेशाच्या राज्यपालपदी महाराष्ट्रातील ज्येष्ठ नेते राम नाईक होते. २०१४ ते २०१९ या काळात त्यांनी हे पद सांभाळले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी आत्मकथनाचे नाव ‘चरैवेति! चरैवेति!!’ असे आहे. ‘चालत राहा, चालत राहा’ असा या वैदिक वचनाचा अर्थ. पुस्तकाचा विषय सार्वजनिक जीवनाचा असला, तरी आजचे वैद्यकशास्त्र सर्वसामान्य माणसाला जो सल्ला देत आहे, तोही याहून फारसा वेगळा नाही. खूप व्यायाम जमत नसेल तर थोडा करावा, पण तो रोज करावा, असे गेल्या दोन दशकांतील संशोधन सांगते.

निष्क्रियतेचे वाढते प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेला एक अभ्यास जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ मध्ये जगातील सुमारे ३१ टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास १८० कोटी लोक, आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करत नव्हते. भारताची स्थिती याहून चिंताजनक आहे. देशातील जवळपास निम्मे प्रौढ या अभ्यासात निष्क्रिय ठरले. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के होते. २००० मध्ये भारतातील हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होते. दोन दशकांत ते दुपटीहून अधिक झाले.

यापूर्वी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथे झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. चौदा हजारांहून अधिक लोकांच्या या पाहणीत ५४ टक्के लोक निष्क्रिय आढळले. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते. फावल्या वेळात खेळ, फिरणे किंवा व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. शेतीकामाची दगदग हा ग्रामीण भागाचा आधार मानला जातो. परंतु यंत्रे आणि दुचाकी वाहने घरोघरी पोहोचल्यानंतर तो आधारही पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही, हे यावरून दिसते.

याचा परिणाम रोगांच्या आकडेवारीत उमटतो. परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अहवालानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत असल्याचा अंदाज आहे. रक्तातील साखर सामान्यापेक्षा वाढलेली, पण मधुमेहाच्या मर्यादेपर्यंत न पोहोचलेली असते, तेव्हा तिला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात.

या अहवालातील उत्तर प्रदेशाचे चित्र विशेष लक्षवेधी आहे. तेथे मधुमेहाचे प्रमाण ४.८ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी आढळले. मात्र मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांचे प्रमाण १८ टक्के होते. देशाची सरासरी याबाबतीत १५.३ टक्के आहे. म्हणजेच या राज्यात मधुमेहाच्या एका रुग्णामागे जवळपास चार जण उंबरठ्यावर उभे आहेत. हे लोक उंबरठा ओलांडणार की मागे फिरणार, यावर राज्याच्या आरोग्याचे पुढील चित्र ठरेल. मागे फिरण्याच्या उपायांमध्ये आहाराबरोबर रोजच्या हालचालीचा क्रम वरचा लागतो.

बस कंडक्टरांनी दिलेला धडा

व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध आकडेवारीने दाखवून देण्याचे श्रेय ब्रिटिश शास्त्रज्ञ जेरेमी मॉरिस यांना दिले जाते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि कंडक्टर यांच्या प्रकृतीची त्यांनी तुलना केली. दोघेही एकाच गाडीवर आणि साधारण सारख्याच आर्थिक परिस्थितीत काम करणारे होते. फरक एवढाच, की चालक दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे.

१९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालकांच्या तुलनेत कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते आणि झाला तरी तो कमी प्राणघातक ठरत होता. कंडक्टरांच्या या पायऱ्या एका दमात चढलेल्या नव्हत्या. त्या दिवसभरात थोड्या थोड्या विखुरलेल्या होत्या, ही बाब येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांची नोंद तपासली. तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर नोकरीला लागतानाच अधिक असल्याचे आढळले. त्यामुळे संपूर्ण फरक केवळ पायऱ्यांमुळे पडला, असे म्हणता येत नाही. तरीही त्यानंतर टपाल वाटणारे कर्मचारी, गोदीतील कामगार आणि कार्यालयीन नोकरदार यांच्यावर झालेल्या अभ्यासांतून हालचालीचा लाभ वारंवार दिसून आला.

किती व्यायाम पुरेसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. आठवड्याच्या १५० मिनिटांचा हिशेब पाच दिवस रोज अर्धा तास असा होतो.

भारतीय तज्ज्ञांनी २०१२ मध्ये सहमतीने ठरविलेले प्रमाण याहून अधिक आहे. कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठण्याची आणि मधुमेह लवकर जडण्याची प्रवृत्ती भारतीयांमध्ये दिसते. त्यामुळे दिवसाला एकूण ६० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी, असे त्यांनी सुचविले. त्यात ३० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, १५ मिनिटे कामाच्या ओघातील हालचाल आणि १५ मिनिटे स्नायूंचे व्यायाम, अशी विभागणी आहे.

हे आकडे ऐकून अनेकांचा धीर खचतो. तास-अर्धा तास मिळत नाही, म्हणून काहीच करायचे नाही, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, हे सांगणारा एक महत्त्वाचा अभ्यास २०११ मध्ये तैवानमधून प्रसिद्ध झाला. चार लाख सोळा हजारांहून अधिक लोकांच्या प्रकृतीचा सरासरी आठ वर्षे मागोवा घेण्यात आला होता. अजिबात व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दिवसाला सरासरी १५ मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी आढळला आणि त्यांचे अपेक्षित आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी अधिक होते. त्यापुढील प्रत्येक १५ मिनिटांमागे हा धोका आणखी चार टक्क्यांनी घटत होता.

या आकड्यांतून एक सूत्र स्पष्ट होते. पहिल्या १५ मिनिटांचा लाभ सर्वांत मोठा असतो. त्यानंतरच्या वेळेचाही लाभ मिळतो, पण तो हप्त्याहप्त्याने कमी होत जातो. म्हणजेच रोज एक तास चालणाऱ्याने सव्वा तास चालण्यापेक्षा मुळीच न चालणाऱ्याने पाव तास चालणे अधिक फलदायी ठरते.

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणातही हेच दिसले. जवळपास दोनशे शोधनिबंधांतील तीन कोटींहून अधिक लोकांची माहिती त्यांनी एकत्र केली. आठवड्याला ७५ मिनिटे, म्हणजे दिवसाला सुमारे ११ मिनिटे मध्यम हालचाल करणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका १७ टक्क्यांनी आणि कर्करोगाचा धोका सात टक्क्यांनी कमी आढळला.

असे बहुतेक अभ्यास निरीक्षणावर आधारलेले असतात. मुळात निरोगी असलेली माणसेच अधिक चालतात, असेही काही अंशी घडू शकते. संशोधक वय, धूम्रपान, आधीचे आजार इत्यादी बाबी हिशेबात घेऊन ही त्रुटी कमी करण्याचा प्रयत्न करतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचे निष्कर्ष एकाच दिशेचे असल्याने त्यांची विश्वासार्हता वाढते.

शरीरात नेमके काय घडते?

चालताना पायांच्या मोठ्या स्नायूंना इंधन लागते. आकुंचन पावणारे स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेऊ शकतात. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव मंदावला आहे, त्यांच्यासाठी ही दुसरी वाट मोलाची ठरते. व्यायामानंतर स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतात. हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो आणि नंतर ओसरतो. व्यायाम ‘रोज’ करण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागील शास्त्रीय कारण हेच आहे. रविवारी दोन तास घाम गाळून उरलेला आठवडा बसून काढणाऱ्याला हा लाभ सलगपणे मिळत नाही.

रक्तप्रवाह वाढला, की रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हे द्रव्य स्रवते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब काही तासांपुरता उतरतो. व्यायाम नियमित राहिल्यास ही घट टिकाऊ होते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये नियमित व्यायामामुळे वरचा रक्तदाब साधारण पाच ते आठ अंकांनी कमी होऊ शकतो. औषधांना हा पर्याय नव्हे, पण पूरक साहाय्य निश्चित आहे.

हाडांवर आणि सांध्यांवर योग्य भार पडल्याने त्यांची बळकटी टिकते. तोल सुधारतो व उतारवयात पडण्याचा धोका घटतो. झोप सुधारते. मनावरील परिणामही नोंदले गेले आहेत. २०२२ मधील एका संकलित विश्लेषणानुसार शिफारस केलेल्या प्रमाणाच्या निम्माच व्यायाम करणाऱ्यांमध्येही नैराश्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी होता.

मधुमेह रोखण्याच्या बाबतीत भारतातीलच पुरावा उपलब्ध आहे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ व्यक्तींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास चालणे अशी जीवनशैली स्वीकारलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. औषध घेणाऱ्या गटाला मिळालेला लाभही जवळपास एवढाच होता. या चाचणीत आहार आणि व्यायाम एकत्र होते. त्यामुळे सारे श्रेय एकट्या चालण्याला देता येणार नाही. तरीही उंबरठ्यावरून मागे फिरता येते, हे भारतीयांच्या बाबतीत यातून सिद्ध झाले.

‘गंजिंग’ व्यायाम ठरते का?

लखनौच्या हजरतगंज या जुन्या बाजारपेठेत सायंकाळी रमतगमत फिरण्याची रीत आहे. खरेदी असो वा नसो, ओळखीच्यांना भेटत, दुकानांच्या काचा न्याहाळत केलेल्या या फेरफटक्याला लखनौकरांनी ‘गंजिंग’ असे खास नाव दिले आहे. मुंबईकर चौपाटीवर किंवा पुणेकर लक्ष्मी रस्त्यावर फिरतात, तसाच हा प्रकार.

आरोग्याच्या भाषेत ही हलक्या तीव्रतेची हालचाल आहे. बसून राहण्यापेक्षा ती निश्चितच चांगली. विशेषतः जेवणानंतर शतपावली घातली, तर रक्तातील साखर एकदम उसळत नाही. निहारी-कुलचे आणि कबाबांसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात या गोष्टीला अधिकच महत्त्व आहे. तथापि हृदय आणि फुप्फुसे यांची क्षमता वाढवायची असेल, तर फेरफटक्यातील काही मिनिटे तरी चाल वाढवावी लागते.

चाल पुरेशी आहे का, हे ओळखण्याची सोपी कसोटी तज्ज्ञ सांगतात. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी स्थिती म्हणजे मध्यम तीव्रता. काही शब्द बोलताच धाप लागत असेल, तर तो जोरकस व्यायाम. निवांतपणे गाणे म्हणता येत असेल, तर चाल वाढविण्यास वाव आहे, असे समजावे. यासाठी घड्याळ किंवा यंत्र लागत नाही.

दिवसाला दहा हजार पावले चाललेच पाहिजे, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. या आकड्याचा उगम १९६० च्या दशकात जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावात आहे. तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. अमेरिकेतील सुमारे सतरा हजार वयस्क स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. साडेसात हजार पावलांच्या पुढे लाभात फारशी भर पडत नव्हती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक विश्लेषणानेही बहुतेक प्रौढांसाठी सात हजार पावले हे व्यवहार्य उद्दिष्ट असल्याचे सुचविले आहे.

तुकड्यातुकड्यांनी केलेला व्यायाम

सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल हिशेबात धरू नये, असे पूर्वी मानले जात असे. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून ही अट वगळण्यात आली. दोन वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या बदलाला पुष्टी दिली. ब्रिटनमधील २५ हजारांहून अधिक व्यक्तींच्या मनगटावर हालचाल नोंदविणारी यंत्रे बांधण्यात आली होती. यांपैकी कोणीही फावल्या वेळात ठरवून व्यायाम करणारे नव्हते. मात्र बस गाठण्यासाठी झपाट्याने चालणे, ओझे घेऊन जिना चढणे अशी एक-दोन मिनिटांची जोरकस हालचाल दिवसातून तीन वेळा ज्यांच्याकडून होत होती, त्यांच्यात मृत्यूचा धोका ३८ ते ४० टक्क्यांनी कमी आढळला.

लखनौची मेट्रो सेवा सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. मार्च २०१९ मध्ये विमानतळ ते मुन्शीपुलिया हा पूर्ण मार्ग खुला झाला. या मार्गावरील बहुतेक स्थानके उन्नत, तर हजरतगंजसह काही भुयारी आहेत. रोज ये-जा करणाऱ्या तरुण व सुदृढ प्रवाशाने सरकत्या जिन्याऐवजी साध्या पायऱ्या निवडल्या, तर लंडनच्या कंडक्टरांप्रमाणेच त्याचाही व्यायाम प्रवासात होऊन जातो. मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे पूल दररोज चढणाऱ्या प्रवाशांनाही, नकळत का होईना, हा लाभ मिळतो.

दिवसभर बसून काम करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारित २०१६ च्या विश्लेषणानुसार आठ-आठ तास बसण्याचा दुष्परिणाम पूर्णपणे भरून काढण्यासाठी दिवसाला ६० ते ७५ मिनिटे मध्यम व्यायाम लागतो. एवढा वेळ बहुतेकांजवळ नसतो. म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चालणे, दूरध्वनीवर बोलताना उभे राहणे, अशा लहान सवयींना महत्त्व आहे.

स्त्रियांची अडचण

निष्क्रियतेचे प्रमाण स्त्रियांमध्ये अधिक असण्याचे कारण आळस नव्हे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात. घरकामात हातभार लावणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा वेळ ९७ मिनिटांचा आहे. पाच तासांच्या या कामानंतर स्वतःसाठी पंधरा मिनिटे काढणेही अनेकींना कठीण जाते.

शिवाय, घरात दिवसभर राबणे म्हणजे व्यायाम, हा समज अर्धवट खरा आहे. फरशी पुसणे, पाणी भरणे, जिना चढणे ही कामे मध्यम हालचालीत मोडतात. परंतु ओट्यासमोर उभे राहून स्वयंपाक करणे किंवा भाजी निवडणे यांत थकवा येत असला, तरी हृदयगती फारशी वाढत नाही. त्यामुळे थकलेली स्त्रीदेखील वैद्यकीय मोजमापात निष्क्रिय ठरू शकते.

यावर वैयक्तिक निर्धाराइतकाच कुटुंबाचा आणि नगर प्रशासनाचा सहभाग आवश्यक आहे. घरकामाची वाटणी झाली, तर वेळ मिळतो. पदपथ मोकळे, रस्ते उजळलेले आणि उद्याने सुरक्षित असली, तर त्या वेळेचा उपयोग होतो. लखनौत ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झालेले ३७६ एकरांचे जनेश्वर मिश्र उद्यान, गोमतीनगरमधील लोहिया उद्यान आणि सिकंदरबाग येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे उद्यान ही फिरावयास जाणाऱ्यांची परिचित ठिकाणे आहेत. परंतु दूरच्या मोठ्या उद्यानापेक्षा घराजवळच्या गल्लीतील चालण्याजोगा पदपथ रोजच्या व्यायामासाठी अधिक उपयोगी पडतो.

ऋतुमानाप्रमाणे वेळ

उत्तर भारतातील हवामान बाराही महिने एकच वेळापत्रक पाळू देत नाही. मे-जून महिन्यांत लखनौचे तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते व दुपारी ‘लू’ वाहते. या दिवसांत सूर्योदयाच्या सुमारास किंवा रात्री फिरणे योग्य. याउलट नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पहाटे धुके आणि धूर जमिनीलगत साचून राहतात. त्या दिवसांत हवेचा दर्जा खालावलेला असताना पहाटे फिरण्याचा हट्ट धरू नये. ऊन पडल्यावर बाहेर पडावे किंवा घरातच व्यायाम करावा. दमा व हृदयविकाराच्या रुग्णांनी याबाबत विशेष दक्षता घ्यावी.

घरातील व्यायामाची मराठी माणसाला चांगली परंपरा लाभली आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेत स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ पासून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. सूर्यनमस्काराला फारशी जागा किंवा साधने लागत नाहीत. वेगाने घातल्यास हृदयाला आणि सावकाश घातल्यास स्नायू व सांध्यांना व्यायाम होतो. ज्यांना वाकणे कठीण जाते, त्यांनी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, टाचा उचलून उभे राहणे असे सोपे व्यायाम करावेत.

नृत्य हादेखील व्यायामच आहे. लखनौ हे कथकच्या एका प्रमुख घराण्याचे माहेर. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये याच शहरात स्थापन झालेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्या नावाने विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. आवडीने केलेली हालचाल दीर्घकाळ टिकते. म्हणून चालणे, पोहणे, सायकल, नृत्य किंवा आसने यांपैकी कोणता प्रकार श्रेष्ठ, या वादापेक्षा कोणता प्रकार आपल्याकडून रोज होईल, हा विचार अधिक उपयुक्त आहे.

आरंभ कसा करावा?

अनेक वर्षे व्यायाम न केलेल्या व्यक्तीने पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटे चालावे. पुढील प्रत्येक आठवड्यात दोन ते तीन मिनिटे वाढवीत गेल्यास महिना-सव्वा महिन्यात पंधरा मिनिटांचा पल्ला गाठता येतो. त्यानंतर वेळ न वाढवता मधली काही मिनिटे चाल वाढवावी. सकाळचा चहा, मुलांना शाळेत सोडणे किंवा रात्रीचे जेवण अशा ठरलेल्या गोष्टीला व्यायाम जोडून घेतल्यास तो विसरला जात नाही. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. मात्र सलग दोन दिवस खंड पडू देऊ नये.

काही पथ्ये आवश्यक आहेत. छातीत दुखणे वा दडपण येणे, चालताना अकारण धाप लागणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामाचे स्वरूप ठरवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींची साखर व्यायामाने अधिक उतरू शकते. त्यांनी फिरताना जवळ थोडी साखर किंवा गोळी-बिस्किटे ठेवावीत, मापाची पादत्राणे वापरावीत व पायांना जखम झाली नाही ना, हे रोज पाहावे. व्यायाम सुरू केला म्हणून औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २०१९ रोजी ‘फिट इंडिया’ चळवळीचा आरंभ केला आणि पुढे रोज अर्धा तास व्यायामाचा संदेश प्रसारित केला. अर्धा तास हे उत्तम उद्दिष्ट आहे. मात्र तेथे पोहोचण्याची वाट पाच, दहा आणि पंधरा मिनिटांवरून जाते. त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही, यंत्र लागत नाही आणि वयाची मर्यादाही नाही. उत्तर प्रदेशात आणि देशात मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कोट्यवधी लोकांपैकी प्रत्येकाला ही वाट आजही खुली आहे. रात्रीच्या जेवणानंतर दूरचित्रवाणीसमोर बसण्याऐवजी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यावे. आरंभाला तेवढे पुरेसे आहे.